फी नको, घाम आण

चपला दाराशीच राहू द्या, इथं बहुतेकांच्या पायांत त्या नाहीतच. साताऱ्यात, भाऊराव पाटलांच्या शाहू बोर्डिंगात, 1928 च्या आसपास उतरलाय तुम्ही. अजून फटफटलेलं नाही, पण चुलीचा धूर डोळ्यांत शिरलाय. स्वयंपाकाची पाळी आज तुमची. तव्यावरची ज्वारीची भाकरी उलटताना बोटं पोळतात. "अरं, करपली बघ!" शेजारचा ओरडतो. त्याची जात विचारू नका. गावात ज्याची सावली टाळतात, तो पोरगा नि पाटलाचा पोरगा मांडीला मांडी लावून आमटीत भाकरी कुस्करताहेत. यासाठी तेव्हा केवढी छाती लागली असेल! कोठीतले दाणे संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, पोरांच्या वहिनींनी, गळ्यातलं मंगळसूत्र विकून ही पंगत चालू ठेवली.

जरा पुढं सरका. 1947 साल, छत्रपती शिवाजी कॉलेज नुकतंच उघडलंय. फीचे पैसे नाहीत? मग घ्या कुदळ. ऊन टाळूवर, मुरमाची धूळ दातांत, पाट्या हातोहात चालल्यात, मागून कुणीतरी "उचल की लवकर!" म्हणून ढोसतोय. एवढ्यात गलका थांबतो. पांढरी दाढी, खादीचे कपडे: भाऊराव पाटील, सगळ्यांचे अण्णा. स्वावलंबी शिक्षण हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद. त्याचा अर्थ तुमच्या तळहातावर फोड होऊन उठलाय. त्याच हातानं आता तासाला टिपणं काढायची. पेन धरताना झोंबतं.

आता आजच्या साताऱ्यात या. काम करून शिकायची ही 'कमवा आणि शिका' योजना चालूच आहे, पण काम ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत. कुदळ सुटली म्हणून जुनी माणसं हळहळतात. मला ती हळहळ समजते, पटत मात्र नाही. अण्णांनी तरी एकच अर्थ कुठं धरून ठेवला होता? बोर्डिंगात आधी पंगत एक करायची होती, कॉलेजात फीची भिंत पाडायची होती. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ साताऱ्यात उभं आहे. त्याची पारख मी इमारतींवरून करणार नाही. प्रवेशाच्या रांगेत तुमच्या पुढं ऊसतोड मजुराची मुलगी उभी आहे. खिडकीपलीकडून तिला आधी पैसे विचारतात की कुठलं काम जमेल ते विचारतात, तेवढं कान देऊन ऐका.