काळ्या पाषाणाखालचा दस्तऐवज

संगमनेरात दगड म्हणजे काळा पाषाण. प्रवरेच्या पात्रातला कातळ, पेमगिरीचा कडा, घरचा पाटा-वरवंटा, सगळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. त्याखालचा खडक हाती घेऊन पाहायचा, तर मला कोयनेच्या नोंदींकडे वळावे लागले.

१० डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तिथले धक्के अजून थांबलेले नाहीत. त्यांचा माग काढण्यासाठी या शतकात तिथे खोल विंधनविवरे घेतली गेली. रासाटीच्या विवरात ९३३ मीटरवर बेसाल्ट संपला आणि पट्टिताश्म, म्हणजे नाइस, लागला. भूकंप होतात ते मुख्यतः याच खडकात. तो कुठे आणि कसा तुटेल हे त्याच्या खनिजांवर आणि जुन्या भेगांवर ठरते. त्यामुळे तो मुळात कोण, हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही.

पट्टिताश्मावर फिकट-गडद पट्टे असतात. पाहणाऱ्याला वाटते, गाळाचे थर. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रायबर्गचा व्हेर्नरही असे खडक आदिसागराच्या पाण्यातून साकळले असे मानी. पण उष्णता आणि दाबाखाली खडक पिळवटला की अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेत आडवे होतात, खनिजे वेगळी होऊन पट्टे पडतात. पट्टे सांगतात ते छळाचे, जन्माचे नव्हे. (बखरीवर मागाहून चढलेली भर मूळ मजकूर समजून वाचली, तर आपलीही अशीच फसगत होते.)

जन्माची साक्ष इतरत्र शोधावी लागते. मूळ चिखलाचे असेल तर ॲल्युमिनियम भरपूर, म्हणून सिलिमनाइटसारखी खनिजे. मूळ वाळूचे असेल तर झिरकॉनचे कण झिजलेले, नाना वयांचे, कारण ते नाना डोंगरांतून वाहत आलेले. शिलारसात वाढलेल्या झिरकॉनमध्ये मात्र आतून बाहेर वलये दिसतात. पुढे खडक पुन्हा तापला की कणावर नवी कड चढते. म्हणून गाभा आणि कड यांची वये वेगवेगळी काढतात. हे न करता सांगितलेल्या वयावर माझा भरवसा नाही.

कोयनेचा खडक ग्रॅनाइटकुळीचा ठरला. वय सुमारे २७० कोटी वर्षे. त्यावर थेट बेसाल्ट; मधल्या दोनशे साठ कोटी वर्षांचा गाळ नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विवरात ३३८ मीटर बेसाल्टखाली निदान आठ मीटर गाळ सापडला होता.