कॅशलेसचे कागद कोण भरतं?

डॉक्टर सकाळी डिस्चार्ज सांगतात आणि विमा असलेला पेशंट घरी पोचतो संध्याकाळी. मधे एवढं काय चालतं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९८६ साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. आधी पदरचे पैसे भरायचे, मग बिलं, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड पिशवीत घालून कंपनीच्या ऑफिसात हेलपाटे घालायचे. त्रास होताच, पण तो घरच्यांना. दवाखान्याचं काम बहुतेक सही-शिक्क्यापुरतं.

२००१ मध्ये विमा नियामकाने टीपीएंसाठी, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थांसाठी नियम केले आणि पुढे कॅशलेस रुळलं. पेशंटची सोय झाली, यात वादच नाही. पण कागद कमी झाले नाहीत, त्यांनी फक्त पत्ता बदलला. निदान काय, खर्च किती येईल, आजार जुना आहे का, हे सगळं लिहून मंजुरी मागायची दवाखान्याने. मग 'क्वेरी' येते. उत्तर दिलं की दुसरी येते. टीपीएला या कामाची फी विमा कंपनी देते. दवाखान्यात हेच काम करणाऱ्या माणसाचा पगार मात्र डॉक्टरने काढायचा! मोठ्या हॉस्पिटलांनी इन्शुरन्स डेस्क थाटले. तालुक्याच्या गावातलं १५ खाटांचं नर्सिंग होम काय करणार? ते सांगतं, आमच्याकडे कॅशलेस नाही, आधी पैसे भरा. म्हणजे पेशंट पुन्हा १९८६ मध्ये.

(दातांच्या डॉक्टरांचं वेगळंच. अपघात सोडला तर बऱ्याच पॉलिसी दातांचा खर्च देत नाहीत. तिथे फॉर्मचा ढीग नाही आणि विम्याचा आधारही नाही.)

२०१३ मध्ये नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकसारखे फॉर्म लावून दिले. क्लेम फॉर्मचा एक भाग पेशंटचा, दुसरा दवाखान्याचा. म्हणजे दवाखान्याचं लिखाण आता रीतसर ठरूनच गेलं.

मग आलं मे २०२४ चं परिपत्रक. कॅशलेसच्या मंजुरीचा निर्णय एका तासात, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. कंपनीच्या उशिरामुळे जादा बिल झालं तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचं. नियम चांगलाच आहे. पण हे तीन तास मोजायचे ते दवाखान्याची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून. त्याआधी बिल जुळवणं, रिपोर्ट गोळा करणं, डॉक्टरची सही मिळवणं यात जाणारा वेळ त्यात धरलेलाच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डिस्चार्जला थांबाल तेव्हा काउंटरवर एवढं विचारा, विनंती किती वाजता पाठवली? आणि ती वेळ लिहून ठेवा.