'वर' म्हणजे 'ऑन'च ना?

एफ.वाय.च्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'माय फादर इज अँग्री ऑन मी.' साल १९८६, माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. मी त्या 'ऑन'वर लाल रेघ मारली. ती वही घेऊन टेबलापाशी आली. "सर, वडील माझ्यावरच रागावलेत. मग 'वर' म्हणजे 'ऑन'च ना?" 'इंग्रजीत असंच असतं,' एवढंच मी तिला सांगितलं. ते अजून सलतं.

पुढची एकतीस वर्षं सांगली जिल्ह्यात कंपल्सरी इंग्लिश शिकवताना मी चुकांची एक वही ठेवली. लग्न तिच्याशी, म्हणून 'मॅरिड विथ'. डोकं दुखतंय, म्हणून 'माय हेड इज पेनिंग'. 'अ' आणि 'द' गायब, कारण मराठीत त्यांना जागाच नाही. ही मुलं ढ नव्हती. चांगलं मराठी येत होतं म्हणूनच ती अशी चुकत होती.

या अडचणीचं मूळ जुनं आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं, १८५९ला पहिली मॅट्रिक झाली. रानडे, भांडारकर त्याच परीक्षेतून पुढे गेले. इतिहास असो की तर्कशास्त्र, उत्तर इंग्रजीत लिहायचं. पुढे पदवीच्या अभ्यासक्रमातून मराठीच गेली, आणि ती परत आणायला रानड्यांना शतक सरेपर्यंत झगडावं लागलं.

तेव्हा इंग्रजी लिहायला शिकण्याची वाट भाषांतरातून जाई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आजोबांची प्रत माझ्याकडे आहे. आधी नियम, मग शब्द, मग वाक्यं: मराठीचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. समासात आजोबांनी पेन्सिलीनं उत्तरं लिहिलीत, काही दोनदा खोडून. पाठमालेची धाव वाक्यापर्यंतच. चार वाक्यांचा परिच्छेद कसा बांधायचा, ते तिथे नाही. पण दोन भाषा शेजारी ठेवून बघायची सवय तिनं लावली.

मग मराठीतून इंग्रजी शिकवणं मागासलेपणाचं ठरलं. पाठमाला माळ्यावर गेली, हातात गाईड आलं. पावसाळ्यावरचा निबंध घोकायचा आणि परीक्षेत उतरवायचा. साठ पेपरांत पहिलं वाक्य तेच. ज्याला पाठ होत नसे, त्याची एटीकेटी ठरलेली. भाषांतराबरोबर आपण ती तुलनाही फेकून दिली, ही मला मोठी चूक वाटते.

निवृत्तीआधीच्या वर्षांत मी वर्गात चुकांची ती वही उघडायला लागलो. फळ्यावर दोन रकाने आखायचो. टेबलावर: ऑन. वेळेवर: ऑन टाइम. वडिलांवर अवलंबून: तिथंही ऑन. मुलं खुश व्हायची, आपलं मराठी इतकं उपयोगी पडतंय म्हणून. मग मी लिहायचो, 'माझ्यावर रागावले', आणि समोरची जागा रिकामी सोडायचो. खडू मागायला मागच्या बाकावरूनही कुणीतरी उठायचं.