पित्त यकृतातून बाहेर कसं पडतं? आणि ते अडलं तर काय होतं?

'पित्त झालंय' असं आपण म्हणतो, तेव्हा तक्रार बहुतेक वेळा पोटातल्या आम्लाची असते. खरं पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण ६०० ते ८०० मिलिलिटर. अन्नातली चरबी पचवण्यासाठी ते लागतं.

पेशीतून पित्त बाहेर कसं येतं?

पित्तातले मुख्य घटक म्हणजे पित्तक्षार. यकृताच्या पेशीचं पटल ते सहज ओलांडू शकत नाहीत. त्यासाठी पटलात वाहक प्रथिनं असतात. रक्तातले पित्तक्षार पेशीत घेण्याचं काम मुख्यतः 'एनटीसीपी' करतं आणि पित्तनलिकेकडे ढकलण्याचं काम 'बीसेप'. नलिकेत पित्तक्षार आधीच दाटलेले असतात. त्यामुळे हा पंप चालवायला पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. कावीळ झाल्यावर वाढणारं बिलिरुबिन बाहेर टाकायला 'एमआरपी-२' हे वेगळं प्रथिन आहे.

काम झाल्यावर सुमारे ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्यातून शोषले जाऊन यकृतात परत येतात.

पंप बिघडला तर?

बीसेपच्या जनुकात गंभीर दोष असेल तर पित्तक्षार पेशीतच साचतात आणि तिला इजा करतात. 'पीएफआयसी-२' या दुर्मिळ आजारात बाळाला कावीळ होते, वजन वाढत नाही आणि प्रचंड खाज सुटते. ही खाज 'अंगावर पित्त उठतं' तशी गांधींची नसते. काही मुलांना यकृत प्रत्यारोपण लागतं. आतड्यातलं पित्तक्षारांचं शोषण रोखणाऱ्या 'ओडेविक्सिबॅट' या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटत असेल, तर तीही पित्त अडल्याची खूण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना लगेच सांगावं.

बाळाच्या बाबतीत काय पाहायचं?

नवजात बाळाची कावीळ बहुतेकदा आपोआप जाते. पण ती दोन आठवड्यांनंतरही टिकली, शी पांढुरकी किंवा लघवी गडद पिवळी झाली, तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नये. शीचा नेहमीचा रंग पित्तामुळेच येतो. ती पांढुरकी असेल तर पित्त आतड्यापर्यंत पोहोचत नसावं. कारण पंपाचा दोष असेल किंवा बंद पित्तनलिका, ते तपासणीतच कळतं. नलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी यशाची शक्यता जास्त.