पावशी, ग्रहण आणि फाटलेला ओठ

२२ जानेवारी १८९८, पौष अमावस्या. भर दुपारी वऱ्हाडात अंधार पडला. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सोलापूरकडच्या जेऊरवरून ईशान्येला सरकत बाभुळगाव, तळणी, पुलगाव करत नागपूरकडे गेला. धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधल्या तळणीच्या छोट्या स्टेशनाजवळ ॲनी आणि वॉल्टर मॉन्डर हे खगोलशास्त्रज्ञ जोडपं कॅमेरे मांडून बसलं होतं. सुमारे दोन मिनिटांच्या त्या काळोखात ॲनीबाईंनी अवघ्या दीड इंची भिंगातून सूर्याच्या प्रभामंडळातला लाखो किलोमीटर लांब किरण टिपला.

याच मुलखातल्या दोन जिवांच्या बाईला मात्र ग्रहण म्हणजे बंद दार. वेध लागले की तिने पावशीला, म्हणजे विळीला, हात लावायचा नाही. चिरायचं नाही, शिवायचं नाही, उन्हाची तिरीपही अंगावर घ्यायची नाही. बाहेरून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी येईपर्यंत हालचालसुद्धा जपून. कारण तिने वांगं चिरलं तर पोटातल्या लेकराचा ओठ चिरतो, ही समजूत. थेट मेक्सिकोतही ग्रहणाचा आणि फाटलेल्या ओठाचा असाच संबंध जोडला जातो. ओठ का फाटतो याचं उत्तर मिळत नव्हतं, तेव्हा माणसाने ते आभाळात शोधलं. ते समजून घेता येतं. पण त्यामुळे ‘तूच काहीतरी चिरलं असशील’ हा ठपका पिढ्यान्‌पिढ्या आईच्याच माथी बसला, आणि हे फार अन्यायाचं झालं.

बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो. दिवस गेल्याचं पुष्कळ बायांना तोवर कळलेलंही नसतं! हा सांधा जुळायचा का राहतो, याचं एकच एक कारण क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा अनेक जनुकं, आईचा मधुमेह, सिगारेट-बिडीचा धूर, फेफऱ्याची काही औषधं असं बरंच काही एकत्र येतं.

काही घराण्यांत मात्र ओठ फाटण्याचा दोष एकाच जनुकातून उतरतो. ‘व्हॅन डर वूड’ हा त्यातला एक दुर्मिळ विकार. १९५४ साली ॲन व्हॅन डर वूड यांनी त्याचं वर्णन केलं आणि २००२ साली त्याचं जनुक, आयआरएफ-६, सापडलं. याची खूण असते खालच्या ओठावरच्या दोन बारीक खळग्या. एखाद्या बापाच्या ओठावर त्या आयुष्यभर असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्याच्या प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी. एखाद्या घरात सगळे आईच्या पावशीची चौकशी करत राहिले, तरी खूण बापाच्या ओठावर असू शकते.

असा जनुकीय दोष औषधाने टळत नाही. पण घराण्यात तो असेल तर मूल होण्याआधी जनुकीय सल्ला घेता येतो. फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस जाण्याआधीपासून घेतल्या, तर बाळाच्या मज्जारज्जूचे दोष नक्की कमी होतात; ओठाबाबतचा पुरावा तितका पक्का नाही. फेफऱ्याची गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. विदर्भात घरोघरी पोचलेला खर्राही गरोदरपणात सुटायलाच हवा, त्यातल्या तंबाखूने बाळाचं वजन घटतं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू या दोषांची तपासणी आणि उपचार आहेत. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, टाळूची वर्षाच्या आसपास. तोवर बाळाला उभं धरून, थोडं थोडं, वाटी-चमच्याने पाजायचं असतं.