एका कॉम्प्युटरवर दोन फायरवॉल ठेवाव्यात का?

थोडक्यात उत्तर: नको, एकच पुरे.

चाकणमधल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर इंटरनेट नीट चालायचं, पण रूममेटने शेअर केलेला प्रिंटर दिसेना. विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिलेली होती. अडवत होती ती अँटिव्हायरससोबत आलेली दुसरी फायरवॉल.

असं का होतं?

कंपनीच्या गेटवर गेटपास बघूनच गाडी आत सोडतात. लागोपाठ दोन गेट असतील, तर दोन्हीकडे पास लागतो. फायरवॉलचंही तसंच. दोघी तोच डेटा तपासतात, त्यामुळे सुरक्षा दुप्पट होत नाही. नियम मात्र दोन ठिकाणी सांभाळावे लागतात. खरा धोका पुढे आहे: वैतागून आपण दोन्ही बंद करतो आणि तसंच विसरून जातो.

काय करायचं?

२००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू असते. घरगुती वापराला ती पुरते. अँटिव्हायरसची फायरवॉल वापरायची असेल, तर 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडून सध्या कोणती चालू आहे ते बघा. अँटिव्हायरसची मुदत संपली किंवा तो काढून टाकला, की विंडोजची फायरवॉल पुन्हा चालू झाली का, हे नक्की तपासा.

आणि राउटरची फायरवॉल? ती राहू द्या. ती वायफायच्या डब्यात, कॉम्प्युटरच्या बाहेर काम करते. या दोघींच्या भांडणात ती येत नाही.