जिव्हापाषाणांची कथा व एका हस्तलिखितांतील चित्र

इंग्लंडांतील केंट परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर हर्न बे नांवाचें गांव असून त्याच्या पूर्वेस बेल्टिंज ही वस्ती आहे. तिच्या खालच्या पुळणीवर सुकतीच्या वेळीं पाषाणीभूत झालेले मुशीचे दांत सांपडतात. मुलाकडे राहावयास गेलों असतां प्रस्तुत लेखकास ते वेंचण्याचा योग दोन वेळां आला. या दांतांची खरी ओळख युरोपांतील विद्वानांस कशी पटली, हा इतिहास जुने कागद व पोथ्या सांभाळणाऱ्या वाचकांच्या कार्याशीं निगडित आहे. म्हणून तो थोडक्यांत येथें देतों.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, ओहोटीचें पाणी सर्वांत दूर जातें व एरवीं बुडालेली पुळण उघडी पडते. उतरत्या पाण्याच्या मागोमाग सावकाश चालावें, ओल्या वाळूवर दृष्टि ठेवावी, आणि गारगोट्यांमध्यें काळी, तकतकीत, टोंकदार वस्तु दिसतांच ती उचलावी. बहुतेक दांत लहान व निमुळते असून त्यांच्या आंतल्या अंगास सूक्ष्म रेषा असतात. ते स्ट्रायटोलामिया या नष्ट झालेल्या जातीचे होत. क्वचित् ओटोडस या मोठ्या जातीचा, बुडाशीं दोहों बाजूंस लहान सुळे असलेला रुंद दांतहि मिळतो. ज्या थरांतून हे दांत सुटून येतात त्यांचें वय सुमारें साडेपांच कोटी वर्षें मानितात. मुशीचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो; तो बहुधा कुजून नाहींसा होतो. दांत मात्र तिच्या जन्मभर गळत व नवे येत राहतात. एवढे दांत उरावे आणि सांगाडे सहसा आढळूं नयेत, याचें कारण हेंच.

प्राचीनांस ही उपपत्ति ठाऊक नव्हती. रोमन ग्रंथकार प्लिनी (इ. स. २३-७९) यानें आपल्या सृष्टिवर्णनाच्या ३७ व्या भागांत, मनुष्याच्या जिव्हेसारखा एक पाषाण चंद्र क्षीण होत असतां आकाशांतून पडतो, अशी समजूत नमूद केली आहे. त्या पाषाणानें वारे शमतात असेंहि लोक सांगत. त्यावरूनच एकंदर गोष्ट विश्वासार्ह नाहीं, असा शेरा त्यानें मारिला. माल्टा बेटांत वेगळी कथा रूढ झाली. तेथें ख्रिस्ताचा प्रेषित पॉल यास साप डसला असतां त्यास कांहीं अपाय झाला नाहीं, असें बायबलांत आहे. त्यावरून, पॉलच्या शापानें सापांच्या जिव्हांचे दगड झाले, असें लोक मानूं लागले. आणि हे दगड विषहारक म्हणून श्रीमंतांच्या भोजनाच्या मेजावर टांगले जाऊं लागले. आपणांस या समजुतींचें हसूं येण्याचें कारण नाहीं. गंडकीच्या शालिग्रामावरील चक्र हें अमोनाइट नामक पुरातन जलचराच्या शिंपल्याचा ठसा होय, हें आपल्यांतील पुष्कळांस अद्यापि नवल वाटतें.

१६१६ मध्यें फाबियो कोलोन्ना या इटालियन पंडितानें जिव्हापाषाण हे दांतच होत असें प्रतिपादिलें. परंतु त्यानें वाद मिटला नाहीं. १६६६ च्या आक्टोबरांत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड मुशी पकडली गेली. तस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा यानें तिचें डोकें फ्लोरेन्स येथें आणवून स्टेनो (नील्स स्टेन्सन, १६३८-१६८६) या डेन्मार्कच्या शरीरशास्त्रज्ञाच्या स्वाधीन केलें. डोक्याचें विच्छेदन करितां त्याचे दांत व माल्ट्याचे पाषाण यांचें साम्य स्टेनोच्या ध्यानीं आलें. १६६७ च्या निबंधांत त्यानें हें मत केवळ अनुमान म्हणून, मोठ्या सावधपणानें मांडलें. पुढें १६६९ मध्यें, घनांत अंतर्भूत झालेल्या घनाविषयींच्या ग्रंथांत, खालचा थर वरच्या थराहून जुना, हा सिद्धांत त्यानें दिला.

आतां मुख्य गोष्ट. स्टेनोच्या निबंधांतील मुशीच्या डोक्याचें प्रसिद्ध चित्र त्यानें नवें काढविलेलें नव्हे. तें मिकेले मेर्काती याच्या 'मेटॅलोथेका' या ग्रंथासाठीं पूर्वींच तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें होतें. मेर्काती हा पोपच्या पदरचा वैद्य. तो १५९३ मध्यें वारला तेव्हां ग्रंथ हस्तलिखितच राहिला होता. फ्लोरेन्सचा विद्वान् कार्लो दाती याच्याकडून तें चित्र स्टेनोस मिळालें. ग्रंथ रोम येथें छापून निघाला तो १७१७ मध्यें, म्हणजे स्टेनोच्या निबंधानंतर पन्नास वर्षांनीं. दातीनें संग्रहाचें दार बंद ठेविलें असतें, तर वाचकांस पटविणारें तें चित्र निबंधास लाभतें ना.

दुसरा धडा मला स्वतःच्या चुकीनें मिळाला. पहिल्या दिवशीं मी बेल्टिंजखालीं वेंचलें. दुसऱ्या दिवशीं तसाच पूर्वेकडे रिकल्वरपर्यंत गेलों. तेथें तिसऱ्या शतकाच्या आरंभींचा रोमन किल्ला असून त्याचा सुमारें अर्धा भाग समुद्रानें गिळला आहे. आवारांतील देवालय १८०९ मध्यें पाडलें गेलें. त्याचे दोन मनोरे मात्र खलाशांच्या खुणेसाठीं राखले आहेत. अशा किनाऱ्यावर रोमन वीट व कोट्यवधि वर्षांपूर्वींचा दांत एका लाटेनें शेजारीं येऊन पडूं शकतात, परंतु त्यावरून ते समकालीन ठरत नाहींत. एका रुमालांत बांधलेले कागदहि तसेच. हें जाणूनहि दोन्ही दिवसांचे दांत मीं एकाच पिशवींत टाकले. घरीं येऊन ओतले तेव्हां कोणता दांत कोठला, हें सांगतां येईना. ज्यांनीं मजपुढें स्थलनिर्देशावांचून पोथ्या आणिल्या, त्यांस मीं अनेकदां बोल लाविला आहे. तो दोष माझ्याच हातून घडला.

त्या पिशवीवर मीं आतां चिठ्ठी लाविली आहे: "बेल्टिंज किंवा रिकल्वर, निश्चित नाहीं." आपल्या संग्रहांतील प्रत्येक पोथीच्या वेष्टनावर ती कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं व कोणत्या सालीं मिळाली, तें वाचकांनीं आजच लिहून ठेवावें, आणि कोणी तिची प्रत मागावयास आल्यास त्यास विन्मुख पाठवूं नये, एवढीच विनंति.